पाच बोटांचा पाणघोडा

१

गुरुवारी सकाळी अकरा वाजता आमचा पाणघोडा चोरीला गेल्याचं उघडकीला आलं. तो खरा पाणघोडा नव्हता. खरा असता तर सापडायला सोपा गेला असता.

माझी आत्या ट्रेडमार्कची वकील आहे. कुणी आपल्या मालाला नाव किंवा चित्र दिलं, की ते दुसऱ्याने ढापू नये म्हणून ती त्याची नोंदणी करून देते, आणि कुणी ढापलंच तर भांडते. तिच्या कचेरीत आम्ही दोघं कनिष्ठ. एक मी, भाचा म्हणून लागलेला. दुसरा गुणांवर लागलेला. त्याला विद्यापीठाचं सुवर्णपदक मिळालंय, म्हणून मी त्याला सुवर्णपदक म्हणतो. त्याला ते कौतुक वाटतं.

दर गुरुवारी नोंदणी कार्यालयात आलेले नवे अर्ज बघायचे आणि आपल्या पक्षकाराच्या मालासारखं कुणी काही मागितलंय का ते शोधायचं, हे माझं काम. त्या दिवशी पडद्यावर एक पाणघोडा आला. टबात बसलेला, डोक्यावर फेस, एक पाय टबाबाहेर आणि एक डोळा मिटलेला. जगात डोळा मारणारे पाणघोडे मुळात कमी. टबात बसून डोळा मारणारा एकच होता आणि तो आमचा होता. आमच्या एका साबणवाल्या बाईंच्या नव्या आंघोळीच्या साबणावर तो येणार होता.

“यांचा अर्ज सोमवारचा आहे,” सुवर्णपदक माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. “आपला मंगळवारी गेला.”

“आपला आधीच्या शुक्रवारी जायचा होता ना रे?” आत्याने विचारलं.

मी डब्याचं झाकण लावलं. अशा वेळी डबा उघडा ठेवू नये.

आत्याने दोन्ही चित्रं छापून टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि डोक्यावर उभी केली. ती नेहमी असंच करते. चित्र उलटं धरलं की ते कशाचं आहे हे डोळा विसरतो आणि रेघा तेवढ्या दिसतात, असं तिचं म्हणणं. आमच्या लग्नाचे फोटोसुद्धा ती असेच बघते. आमच्या म्हणजे घरातल्यांच्या. माझं अजून व्हायचंय.

“आपला नळ उजवीकडे, यांचा डावीकडे,” ती म्हणाली. “अख्खं चित्र आरशात धरल्यासारखं फिरलंय. पोटावर या बारीक आडव्या रेघा आपल्यात नाहीत.”

“पाण्याच्या लाटा असतील,” मी म्हणालो.

“लाटा इतक्या सरळ? पाणघोडा पट्टी घेऊन बसलाय का? आणि माल कुठला लिहिलाय?”

“कपडे धुण्याचा वडी साबण. अर्जदार एक नवी कंपनी, पत्ता टपालपेटीचा.” मी पुढे म्हणालो, “चोराला चित्रही कळलेलं नाही. बिचारा पाणघोडा आंघोळीला बसलाय आणि हा त्याच्याकडून कपडे धुवून घेतोय.”

कुणी हसलं नाही. “दोन्ही साबण एकाच वर्गात मोडतात, त्यामुळे आपलं अडणार,” सुवर्णपदक म्हणाला, आणि आत्याने मान डोलावली. माझ्या कुठल्याही वाक्यावर तिने आजवर मान डोलावलेली नाही.

मग ती एकदम थांबली. बाहेर आलेल्या पायावर तिने बोट ठेवलं.

“नक्कल सिद्ध करायची तर सारखेपणा शोधत बसू नये. चांगली चित्रं सारखी असू शकतात. सारखी चूक शोधावी. याच्या पायाला पाच बोटं आहेत. खऱ्या पाणघोड्याला चार असतात. आपल्या शेवटच्या चित्रात चार आहेत. पाच फक्त पहिल्या कच्च्या चित्रात होती.” तिने चष्मा काढला. “आणि ते कच्चं चित्र दोन आठवडे या कचेरीच्या कुलपात आहे.”

कुलपाच्या किल्ल्या दोन. एक माझ्याकडे, एक सुवर्णपदकाकडे.

मला फार बरं वाटलं.

२

कच्चं चित्र फायलीत जागच्या जागी होतं. शाई मात्र फिकटली होती, एखाद्याने जीभ फिरवल्यासारखी. आत्याने कागद नाकाला लावला.

“धुण्याच्या साबणाचा वास येतोय.”

“साबणवाल्यांच्या फायलीला काय अत्तराचा येणार?”

तिने त्याच फायलीतले बाकीचे कागद हुंगले. “यांना गुलाबाचा येतोय,” ती म्हणाली आणि पर्स उचलली. “चल.”

कारखाना म्हणजे एक लांबट शेड. मालक दोन भाऊ. दोघं मागच्या खोलीत बुद्धिबळ खेळत असतात आणि गेली काही वर्षं एकच डाव चालू आहे असं ऐकिवात आहे. कारखाना चालवतात त्यांच्या बायका. डावीकडचा भाग थोरल्या जाऊबाईंचा, उजवीकडचा धाकटीचा. मध्ये भिंत नाही, पण आहे असं समजून सगळे वागतात.

धाकटी आमची पक्षकार. तिच्या बाजूला खोक्यांची उतरंड छतापर्यंत गेली होती. प्रत्येक खोक्यात गुलाबी वड्या, प्रत्येक वडीवर डोळा मारणारा पाणघोडा.

“मॅडम, दहा दिवसांत माल दुकानांत जायचाय,” ती म्हणाली. “आठ वर्षं या घरात मागतेय, मला माझा एक साबण करू द्या, एकच. आत्ता कुठे हो म्हणालेत.”

“कुणीतरी तुमचा पाणघोडा तुमच्याआधी नोंदणीला टाकलाय,” आत्या म्हणाली. “तो आपला आहे हे सिद्ध होईपर्यंत यातलं एकही खोकं बाहेर काढू नका. नाही झाला सिद्ध, तर सगळं वितळवावं लागेल.”

धाकटी खोक्यावर बसली. पाणघोड्यांवरच बसली, पण ते लक्षात आणून द्यायची ती वेळ नव्हती.

थोरल्या जाऊबाई पदराला हात पुसत आल्या. उंच, काटक, आवाज कारखान्याएवढा. “अगं बाई, रडतेस कशाला? मॅडम, पकडा हो चोराला. उलटं चित्र कोण काढतं? साचेवाला. त्याला धरा आधी.”

मग त्यांनी आम्हाला स्वतःची बाजू दाखवली. मी विचारलं नव्हतं. तपकिरी साबणाचा गादीएवढा ठोकळा एका चौकटीत ठेवला होता. दोघी कामकरणी त्यातून ताणलेली तार ओढून वड्या पाडत होत्या. ताज्या वड्या ओलसर होत्या आणि कापलेल्या अंगावर तारेच्या बारीक सरळ रेघा उठल्या होत्या. दुसऱ्या अंगावर ठोकलेला आकडा : २७.

“बावीस वर्षं हा सत्तावीस नंबर चाललाय,” त्या म्हणाल्या. “घर यावर उभं आहे.”

“एक ते सव्वीसचं काय झालं?” मी विचारलं.

“फसले.”

“आणि वडीवर चित्र वगैरे?”

“धुण्याच्या साबणाला कशाला लागतंय चित्र?” त्या उजवीकडच्या खोक्यांकडे बघत म्हणाल्या. “झिजायचंच आहे त्याला.”

आत्याने सहज विचारावं तसं विचारलं, “ते कच्चं चित्र तुम्ही पाहिलं होतं का हो?”

“त्या चित्रकार मुलीने आणलं त्या दिवशी हिने सगळ्यांना दाखवत मिरवलं. मशीनवाल्याला दाखवलं, पोस्टमनला दाखवलं. मग बाहेर जाताना माझ्या टेबलावर टाकून गेली, जाऊबाई सांभाळा म्हणून. संध्याकाळी नेलं परत. मी तर बघितलंसुद्धा नाही.”

हे त्या ज्या जोराने म्हणाल्या त्यावरून ते खरं असावं असं मला वाटलं. ते खरंच होतं, आणि तिथेच आमची पंचाईत होती.

३

चित्रकार मुलीला मी मनातल्या मनात पेन्सिल म्हणतो, कारण ती केसांत पेन्सिल खोचून विसरते आणि मग दुसरी मागते. आजवर तिने माझ्याकडून चार पेन्सिली नेल्यात. मी मुद्दाम विकत आणून ठेवतो.

“पहिलं मी साध्या शाईने काढलं होतं,” तिने सांगितलं. “कारखान्यातून परत आलं तर फिकट. दमट हवा लागली असेल म्हटलं. दुसऱ्या दिवशी तुमच्या कचेरीत घेऊन आले तेव्हा तुमच्या त्या सहकाऱ्यांनी पाचवं बोट पकडलं. किती बारीक नजर आहे हो त्यांची!”

“हो, त्रास होतो त्यांना नजरेचा,” मी म्हणालो.

“मग नवीन काढलं, चार बोटांचं, पक्क्या शाईने. तेच साचेवाल्याकडे गेलं. पहिलं तुमच्या कुलपात.”

“म्हणजे मला सोडून पाच बोटं पाहिलेली माणसं किती?” आत्याने विचारलं.

पेन्सिलने बोटांवर मोजलं. ती स्वतः. धाकटी. थोरल्या जाऊबाई, म्हणजे बघितलं असतं तर. सुवर्णपदक. मी. पाच बोटं, पाच माणसं.

“पोस्टमन आणि मशीनवाला,” मी म्हणालो.

“त्यांनी लांबून पाहिलं. मला एक सांग,” आत्या पेन्सिलला म्हणाली, “चित्र चोरीला गेलं म्हटल्यावर तुला कसं वाटलं?”

पेन्सिलने मोजलेली बोटं मिटली. “खरं सांगू? आधी बरं वाटलं. माझं काही चोरण्यासारखं आहे हे पहिल्यांदाच कळलं. मग रडू आलं. त्याने माझा पाणघोडा फिरवलाय. माझा डावा डोळा मारतो, त्याचा उजवा मारतोय. तो माझ्याकडे बघतच नाही.”

४

साचेवाला म्हातारा होता आणि त्याच्या खोलीत एकच खिडकी होती. पितळेच्या तुकड्यावर तो चित्र उलटं कोरतो, म्हणजे साबणावर ते सुलटं उमटतं. भिंतीवर चाळीस वर्षांचे उलटे साचे टांगले होते : उलटी कमळं, उलटे वाघ. एका कंपनीचं उलटं नाव वाचताना माझी मान आखडली.

“माझ्यावर संशय आहे ना?” तो खूश होऊन म्हणाला. “बसा, बसा. चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणी माझ्यावर संशय घ्यायला आलं. नाहीतर नाव कुणाचं होतं? चित्रकाराचं. चित्राखाली सही कुणाची? चित्रकाराची. मी उलटी सही करायला शिकलोय, बघा.” त्याने करून दाखवली. सुंदर होती. “कुणी मागितलीच नाही कधी.”

“म्हणजे तुम्हाला राग आहे चित्रकारांचा?” मी वहीत लिहायला घेतलं.

“राग? जळतो मी त्यांच्यावर. पण साहेब, नक्कल करायची झाली तर मी सुलटी करेन. उलटं मला पोटासाठी करावं लागतं.”

त्याने कपाटातून पाणघोड्याचा साचा काढला. पितळी, उलटा, नळ डावीकडे, अगदी अर्जातल्या चित्रासारखा. मी वहीत साचेवाल्याच्या नावाखाली रेघ ओढली. आत्याने भिंग लावलं.

“एक, दोन, तीन, चार,” ती मोजत गेली. पुढे काही नव्हतं.

उलटं चित्र याच्याकडे होतं, पण त्याला चारच बोटं. पाच बोटांचं आमच्याकडे होतं, पण ते सुलटं. उलटा आणि पाच बोटांचा पाणघोडा या जगात कुठेही नव्हता, आणि तरी त्याने सोमवारी अर्ज केला होता.

“कचेरीत चल,” आत्या म्हणाली. “कुलपाची किल्ली असलेल्यांपैकी एकाचा खण उघडायचाय.”

“त्याचाच ना?” मी विचारलं. माझा आवाज जरा जास्तच गोड निघाला असावा.

“दोघांचे,” आत्या म्हणाली.

५

सुवर्णपदकाचा खण आधी उघडला, हे माझ्या आग्रहावरून. आत टाचण्या आकारानुसार लावलेल्या होत्या. सगळ्यात खाली, रुमालाखाली, घडी घातलेला एक कागद. मी उलगडला.

पाणघोडा!

“सापडला!” मी ओरडलो. सुवर्णपदक कानापर्यंत लाल झाला. इतका अपराधी माणूस मी पाहिला नव्हता. “आत्या, बघ, टब, नळ, डोळा...”

“गळ्यात काय आहे त्याच्या?”

त्याच्या गळ्यात पदक होतं. पिवळ्या रंगाने रंगवलेलं. खाली पेन्सिलच्या अक्षरात लिहिलं होतं : पाचवं बोट पकडणाऱ्यास.

मी बोटं मोजली. पुन्हा मोजली. चार होती. दुर्दैवाने तो निर्दोष होता.

“तिने दिलं मला,” तो खाली बघत म्हणाला. “तुम्ही हसाल म्हणून सांगितलं नाही.”

मी हसलो नाही. माझ्याकडून चार पेन्सिली गेल्या होत्या आणि चित्र याला.

मग माझा खण उघडला. त्यात पाणघोडा नव्हता. त्याहून वाईट होतं. पाणघोड्याचा अर्ज शुक्रवारची तारीख टाकून, पूर्ण भरून तयार, सुवर्णपदकाच्या अक्षरात. एक चूक नव्हती त्यात. मी ती दोन दिवस शोधत होतो. नाही सापडली तेव्हा शनिवार-रविवार बसून मी माझा स्वतःचा अर्ज लिहिला, सोमवारी तो पुन्हा लिहिला आणि मंगळवारी पाठवला. अर्जाखाली आणखी एक कागद होता : चित्राचे हक्क चित्रकाराने धाकटीला लिहून द्यायचे, त्याचा मसुदा. तोही सुवर्णपदकाचाच. तो मी पेन्सिलकडे सहीला पाठवलाच नव्हता, कारण मसुदा किती छान आहे असं ती म्हणाली असती.

आत्याने दोन्ही कागद वाचले. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“उद्यापासून ही फाईल त्याच्याकडे,” ती म्हणाली. “चोर आज सापडला नाही, तर तूसुद्धा तुझ्या वडिलांकडे.” माझ्या वडिलांचं प्लंबिंगच्या सामानाचं दुकान आहे. तिथे विनोद चालत नाहीत.

ती खिडकीपाशी गेली. कच्चं चित्र तिने काचेवर पालथं धरलं. मागून ऊन आलं आणि कागदातून पाणघोडा उलटा दिसायला लागला, नळ डावीकडे. त्यावर तिने चोरट्याचं चित्र ठेवून बघितलं. रेघ रेघेवर बसली. टबाच्या कडेला पेन्सिलच्या शाईचा एक थेंब सांडला होता, तो थेंबसुद्धा थेंबावर बसला.

“ही हाताने केलेली नक्कल नाही,” ती हळूच म्हणाली. “हा छाप आहे. हा कागद कुठल्यातरी ओल्या वस्तूवर पालथा पडला होता. त्या वस्तूला धुण्याच्या साबणाचा वास आहे आणि अंगावर सरळ आडव्या रेघा आहेत.”

सुवर्णपदक आणि मी एकाच वेळी एकमेकांकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा आम्हाला एकच उत्तर एकाच वेळी आलं होतं, आणि मला ते आवडलं नाही.

६

थोरल्या जाऊबाई वड्या मोजत होत्या. धाकटी तिच्या खोक्यांमध्ये बसली होती. आत्याने पेन्सिललाही बोलावून घेतलं होतं.

“ती वडी कुठे आहे?” आत्याने विचारलं.

“कुठली? इथे चार हजार आहेत.”

“जिच्यावर पाणघोडा आहे ती.”

तार ओढणाऱ्या दोघी थांबल्या. मागच्या खोलीत एक प्यादं पडल्याचा आवाज आला.

“मघाशी मी तुम्हाला एवढंच सांगितलं, की पाणघोडा कुणीतरी नोंदणीला टाकलाय,” आत्या म्हणाली. “तो उलटा आहे हे मी इथे कुणालाच बोलले नव्हते. ‘उलटं चित्र कोण काढतं’ हे तुम्ही विचारलंत. शिवाय आंघोळीचं चित्र आणि माल धुण्याचा. माझा भाचा त्यावर हसला. हसण्याऐवजी विचार केला असता तर मला साचेवाल्याचे जिने चढावे लागले नसते. पाणघोड्याच्या चित्राखाली धुण्याचा साबण कोण लिहील? ज्याला धुण्याच्या साबणाशिवाय दुसरं काही सुचत नाही, तोच.”

जाऊबाई वाकल्या. त्यांनी टेबलाचा खालचा खण उघडला आणि स्वच्छ रुमालात गुंडाळलेली एक वडी काढली. वडीच्या तार लागलेल्या अंगावर निळसर पाणघोडा होता. तारेच्या रेघा त्याच्या पोटावरून जात होत्या. फेस, टब, पाच बोटं. तो उजवा डोळा मारत होता.

“मी बघितलं नाही म्हटलं ते खोटं नव्हतं,” त्या म्हणाल्या. आवाज पहिल्यांदाच कारखान्यापेक्षा लहान झाला होता. “ही चित्र टाकून गेली. सकाळपासून नुसतं त्याचं कौतुक. बावीस वर्षं मी तार ओढतेय, माझ्या वडीसाठी कुणी एक रेघ काढली नाही. मला त्याचं तोंड बघायचं नव्हतं. म्हणून पालथं घातलं आणि वर वजन ठेवलं, उडू नये म्हणून. सांभाळायला दिलं होतं ना. खाली ताजी वडी होती, ते ध्यानात आलं नाही.”

“आणि संध्याकाळी?”

“कागद उचलला तर खाली हा.” त्यांनी वडीवरून अंगठा फिरवला, न पुसेल इतपत. “बावीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या वडीला चेहरा आला. माझ्याकडे बघून डोळा मारत होता हो. कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याने फोटो काढला, अर्ज त्यानेच भरला, कंपनीही त्यानेच काढून दिली.”

“मला विचारायचं ना!” धाकटी उठली. “जाऊबाई, मला एकदा तरी विचारायचं!”

“विचारलं असतं तर हसली असतीस. सत्तावीस नंबरला चित्र? आणि माझा उलटा आहे, बोट जास्त आहे, माल वेगळा आहे. मला वाटलं तो वेगळाच झाला.”

“चित्र उलटं केलं म्हणून वेगळं होत नाही,” आत्या म्हणाली. “बोटांनीही नाही.”

“ते आता कळलं.” जाऊबाईंनी मान वर केली. “आणि तुझं थोडं अडलं तर अडू दे, असंही वाटलं. खोटं कशाला बोलू?”

धाकटीचे डोळे भरले. “तुमच्या एका शब्दासाठी आठ वर्षं थांबले मी. या घरात सगळे सत्तावीस नंबरचं खातात, हे रोज ऐकून. जळायचं तर मी जळायचं!”

“मग जळायचंस ना! मला काय माहीत तू जळतेस?”

 इतकी वर्षं दोघींनी एकमेकींचा हेवा केला होता आणि दोघींनाही त्याचा पत्ता नव्हता. मला ही उधळपट्टी वाटली.

“मी अर्ज मागे घेते,” जाऊबाई म्हणाल्या. “पाणघोडा तिचा.”

“तिचा नाही,” आत्या म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

“तुमचा तर नाहीच, पण तिचाही नाही. चित्र ज्याने काढलं त्याचं, तो लिहून देईपर्यंत. आणि लिहून घ्यायचा कागद,” तिने माझ्याकडे बघितलं, “एका खणात राहिला.”

खोक्यांची उतरंड, दहा दिवस, दोन्ही जावा आणि माझी नोकरी. सगळं पेन्सिलच्या हातात आलं. ती केसांत पेन्सिल शोधत होती.

७

पेन्सिलने वडी हातात घेतली आणि फिरवून फिरवून बघितली. “हा माझ्यापेक्षा चांगला उमटलाय,” ती म्हणाली. हे ती जरा कडवटपणेच म्हणाली. मग धाकटीकडे वळली. “पाणघोडा मी तुम्हाला लिहून देते. पण खोक्यावर बारीक अक्षरात माझं नाव पाहिजे. आणि साचेवाल्यांचंही.”

“दिलं,” धाकटी म्हणाली.

“आणि जाऊबाई, तुम्हाला काय हवंय वडीवर? हा नाही मिळणार. दुसरं सांगा.”

जाऊबाईंना आयुष्यात कुणी असं विचारलं नसावं. त्या बराच वेळ सत्तावीस नंबरच्या ढिगाकडे बघत राहिल्या. “काम करणारं काहीतरी काढ,” त्या शेवटी म्हणाल्या. “टबात बसलेलं नको.”

सहीचा कागद त्याच दिवशी झाला. तो सुवर्णपदकाचाच होता. पेन्सिल वाचून म्हणाली, “किती छान लिहिलाय!” मी खिडकीतून बाहेर बघितलं. बाहेर काही नव्हतं. थोरल्या जाऊबाईंनी अर्ज मागे घेतला आणि दहाव्या दिवशी गुलाबी खोकी दुकानांत गेली.

मी वडिलांच्या दुकानात गेलो नाही. चोर त्याच दिवशी सापडला, एवढ्यावर मी वाचलो. फाईल मात्र सुवर्णपदकाकडेच राहिली.

पुढच्या आठवड्यात पेन्सिल सत्तावीस नंबरचं चित्र घेऊन कारखान्यात आली. आम्ही सगळे टेबलाभोवती जमलो. दोघं भाऊही डाव सोडून आले, यावरून प्रसंगाचं गांभीर्य लक्षात यावं. चित्रात एक हत्तीण होती. पदर खोचलेली, पाय रोवून उभी, सोंडेत पिळलेली चादर, मागे दोरीवर कपड्यांची रांग. ती कुणालाही डोळा मारत नव्हती. ती तुमच्याकडे अशी बघत होती, की तुम्ही अंगातला सदरा काढून धुवायला द्यावा.

“अगं बाई,” थोरल्या जाऊबाई म्हणाल्या. त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि मग दोघी कामकरणींना हाका मारल्या, मशीनवाल्याला हाक मारली, आणि रस्त्यावरून चाललेल्या पोस्टमनलाही.

“हिचा अर्ज आजच जाऊ दे,” आत्या मला म्हणाली. “आज म्हणजे आज.”

“आधी याला तपासायला देतो,” मी म्हणालो. हे बोलताना मला दात दुखल्यासारखं झालं. सुवर्णपदकाने चित्र घेतलं, बारकाईने पाहिलं आणि म्हणाला, “नखं बरोबर आहेत.” पेन्सिल हसली. मी माझ्या खिशातली नवी पेन्सिल तशीच खिशात राहू दिली.

सगळे चहाला वळले तेव्हा चित्र टेबलावर होतं आणि त्याच्यासमोर धाकटी एकटीच उभी होती. तिने त्या हत्तिणीकडे बराच वेळ बघितलं. पदराकडे, सोंडेकडे, मागच्या कपड्यांच्या लांबलचक रांगेकडे.

“माझ्या पाणघोड्यापेक्षा छान झालीय,” ती स्वतःशीच म्हणाली.

मग तिने चित्र हळूच उचललं, टेबलावर पालथं घातलं आणि निघून गेली.

खाली साबण नव्हता. तरी मी जाऊन उचलून बघितलं.